मोठ्या वॉटर कूलिंग लूपमधला प्रवाह पुन्हा पुन्हा का पडतो?

लक्षण असं: दोन-चार संगणक एकाच लूपवर (चिपची उष्णता रेडिएटरकडे नेणारं, पंपाने फिरवलेल्या पाण्याचं बंद वेटोळं), रेडिएटर बाहेर किंवा शेजारच्या खोलीत, एकूण १० लिटरच्या आसपास पाणी. पहिले काही आठवडे सगळं झकास चालतं. मग प्रवाह हळूहळू पडतो, एखादंच ग्राफिक्स कार्ड बाकीच्यांपेक्षा जास्त तापायला लागतं, टाकीत बारीक बुडबुडे दिसतात. ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) उघडून घासला, पाणी बदललं की महिना-दोन महिने बरं, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या या दुखण्याची मुळं बहुतेक वेळा दोनच असतात. एक तर लूपमध्ये कुठून तरी हवा शिरत असते, नाहीतर लूपच्या आतच गाळ तयार होत असतो. साफसफाईने साठलेला गाळ जातो, तो तयार होण्याचं कारण तसंच राहतं. आणि अशा वेळी आणखी ताकदीचा पंप बसवणं म्हणजे आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

आधी मोजा, मग उघडा

एकही फिटिंग सैल करण्याआधी प्रवाह, पाण्याचं तापमान आणि रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेचं तापमान लिहून घ्या. प्रत्येक चिपचं तापमान आणि ती खात असलेले वॅट सॉफ्टवेअर दाखवतंच. सगळ्या संगणकांवर ठरावीक भार द्या आणि किमान पाऊण तास थांबा. १० लिटर पाणी १ अंशाने तापायला सुमारे ४२ किलोज्यूल लागतात, म्हणजे १००० वॅटचा भार असला तरी दर अंशाला ४२ सेकंद. पाच मिनिटांत घेतलेलं रीडिंग हे पाणी अजून चढत असतानाचं असतं. त्यावर विसंबून काही ठरवू नका.

आता दोन वजाबाक्या. पाण्याच्या तापमानातून हवेचं वजा करा. हा फरक पूर्वीपेक्षा वाढला असेल तर ब्लॉकना हात लावू नका, दोष रेडिएटरकडे आहे: पंखा बंद, पात्यांमध्ये धूळ, किंवा बाहेर टाकलेली गरम हवा वळून पुन्हा आत येतेय. मध्यम वेगाच्या पंख्यांवर रेडिएटरचा १२० मिमीचा एक भाग, पाणी हवेपेक्षा १० अंश गरम असताना, साधारण ८० ते १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्या हिशेबात तुमचा रेडिएटर मुळातच अपुरा असेल, तर तो बिघाड नसून आखणीतली चूक आहे.

दुसरी वजाबाकी चिप वजा पाणी. वॅट तेवढेच असताना हा फरक ५ अंशांहून जास्त वाढला असेल, तर कारण त्या एका ब्लॉकमधला गाळ, चिप आणि ब्लॉकमधली वाळलेली पेस्ट किंवा तिथला कमी प्रवाह. सगळ्याच चिपचा फरक एकदम वाढला असेल तर लूपचा एकूण प्रवाह पडलाय.

प्रवाहाच्या मीटरवर आंधळा विश्वास नको. त्यातलं चाक तंतू किंवा गाळ अडकून मंदावतं, बुडबुड्यांमुळे आकडा उड्या मारतो. पडताळा सोपा आहे: मिनिटाला १ लिटर पाणी दर अंशाला सुमारे ७० वॅट वाहून नेतं. एकूण भार १५०० वॅट आणि प्रवाह मिनिटाला ४ लिटर असेल, तर रेडिएटरच्या दोन तोंडांमधला फरक ५ अंशांच्या जरा वर यायला हवा. मीटर ४ लिटर म्हणतोय आणि फरक ११ अंश आलाय, तर खरा प्रवाह २ लिटरच आहे. दोन्ही तोंडांवर एकाच प्रकारचे सेन्सर लावा आणि आधी ते एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवा. अर्ध्या अंशाची तफावत सर्रास असते.

पंपाच्या आरपीएमकडेही (मिनिटाला होणारे फेरे) बघा. आरपीएम नेहमीइतके किंवा किंचित जास्त आणि प्रवाह कमी, तर वाटेत अडथळा आहे. आरपीएम वरखाली होतात आणि पंपातून खडखड येते, तर हवा. आरपीएमच कमी, तर वीजपुरवठा तपासा. डी५ पंप (वॉटर कूलिंगमधला एक प्रचलित प्रकार) पूर्ण वेगात २० वॅटच्या वर ओढू शकतो, आणि मदरबोर्डवरचं पंख्याचं साधं कनेक्शन साधारण १ अँपिअर, म्हणजे १२ वॅटचं असतं. पंपाची वीज थेट पॉवर सप्लायकडून घ्यायची. बोर्डाकडे फक्त वेगाच्या तारा.

मॅनिफोल्डवर समांतर जोडणी असेल तर

इथे बरेच जण फसतात. संगणक एकामागोमाग एक जोडले असतील तर एका ब्लॉकमधला गाळ सगळ्या लूपचा प्रवाह पाडतो आणि लगेच कळतो. मॅनिफोल्डवरून (एका नळीच्या अनेक फांद्या करणारा जोड) समांतर जोडले असतील तर पाणी कमी अडथळ्याच्या वाटेने निघून जातं. चारपैकी एक फांदी जवळजवळ बंद झाली तरी एकूण मीटर थोडासाच खाली येतो, आणि इकडे ते एक कार्ड भाजत असतं. मुख्य नळीवरचा मीटर अशा वेळी काहीच सांगत नाही.

प्रत्येक फांदीवर एक बॉल व्हॉल्व्ह ठेवा. तपासणीच्या वेळी संगणक भाराविना चालू द्या, एक सोडून बाकीचे व्हॉल्व्ह काही सेकंद बंद करा आणि त्या एका फांदीचा प्रवाह वाचा. चारही आकडे लिहून ठेवा. सारखेच ब्लॉक असताना एखादी फांदी बाकीच्यांच्या निम्म्यावर असेल तर तीच उघडायची. ब्लॉक वेगवेगळे असतील तर पहिल्या दिवसाच्या आकड्यांशी ताडून बघा. म्हणून तर ते पहिल्याच दिवशी लिहायचे. प्रत्येक ब्लॉकला मिनिटाला किमान १ लिटर मिळालं पाहिजे. त्याखाली चिपचं तापमान झपाट्याने चढतं. २-३ लिटरच्या वर मात्र फारसा फायदा नाही.

फांदी उघडण्याआधी तिच्या क्विक डिस्कनेक्टवर (नळी पाणी न सांडता झटकन सोडवता येणारा जोड) एकदा नजर टाका. आतला स्प्रिंगचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर पाणी वाहतं, गळत नाही, पण प्रवाह निम्मा होतो. कॉलर पूर्ण बसल्याचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे.

हवा: इथेच पाणी मुरतं

आधी लूपमध्ये हवा अडकलेली आहे का, ते बघू. टाकीचं झाकण उघडा, पंप चालू ठेवा आणि पाण्याच्या पातळीवर चिकटपट्टीची खूण करा. आता पंप बंद करा. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंप चालू असताना त्याच्या पुढच्या बाजूला अडकलेली हवा आकसते, पंप थांबला की फुगते आणि पाणी मागे टाकीत ढकलते. पातळी केसभर हलली तर तो नळ्यांचा लवचिकपणा समजा. पण समजा ०.३ बार दाबाखाली अर्धा लिटर हवा अडकलेली आहे, तर टाकीत दीडशे मिलीलिटरच्या आसपास पाणी वर येईल, आणि ते डोळ्यांना स्पष्ट दिसतं. टाकीखाली फडकं ठेवा. रेडिएटर टाकीपेक्षा उंच असेल तर बरंच जास्त पाणी खाली येऊ शकतं.

हवा काढली तरी पुन्हा येत असेल, तर टाकीची उंची बघा. मोठ्या लूपमध्ये सोयीसाठी टाकी आणि पंप जमिनीवर ठेवतात आणि रेडिएटर भिंतीवर उंच टांगतात. टाकीतल्या पाण्यावर वातावरणाचा दाब असतो. त्या पाण्याच्या पातळीपेक्षा जो भाग १ मीटर उंच, तिथला दाब सुमारे ०.१ बारने कमी. रेडिएटर २ मीटर वर असेल आणि तिथून पाणी सरळ टाकीत परतत असेल, तर वरच्या फिटिंगमध्ये दाब वातावरणापेक्षा कमी राहतो. असं फिटिंग सैल असलं तरी पाणी बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. कागद लावून बघा, कोरडाच निघेल. ‘गळती कुठेच नाही, तरी बुडबुडे येतात’ या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथे सापडतं.

उपाय: टाकी लूपच्या सगळ्यात उंच जागी न्या. पंप खाली राहिला तरी चालेल. उलट तेच चांगलं, कारण पंपाच्या तोंडाशी पाण्याचा दाब राहतो. टाकीतून पंपाकडे येणारी नळी मात्र जाड आणि शक्य तितकी सरळ असावी. खाली एक आणि वर एक अशा दोन उघड्या टाक्या ठेवायचा मोह टाळा. पंप थांबताच वरची खालचीत रिकामी होते आणि खालची ओसंडते.

दुसरी तऱ्हा म्हणजे रोज सकाळी थोडे बुडबुडे. २० अंशांवरून ४५ अंशांवर जाताना पाणी सुमारे ०.८ टक्के फुगतं. १० लिटरच्या लूपमध्ये हे ८० मिलीलिटर होतात. टाकी काठोकाठ भरून झाकण घट्ट लावलं असेल तर दिवसा दाब चढतो आणि सगळ्यात कमकुवत ओ-रिंगमधून (जोडातली रबरी कडी) चार थेंब बाहेर पडतात. रात्री पाणी आकसलं की त्याच फटीतून हवा आत येते. रोज हे चक्र चालतं आणि पातळी उतरत जाते. टाकीत किमान अर्धा लिटर हवेची जागा सोडा आणि झाकणाला दाब मोकळा करणारा छोटा पडदा-व्हॉल्व्ह बसवा.

फटीचा शोध हवेच्या दाबाने घ्यायचा. लूप रिकामी करा, हातपंप आणि दाबमापक लावून ०.५ बारपर्यंत हवा भरा. त्याहून जास्त नको, ॲक्रिलिकच्या टाक्या तडकतात. अर्धा तास थांबा. खोली १ अंश गार झाली तर काटा आपसूकच सुमारे ०.००५ बार उतरतो, तेवढ्याने घाबरू नका. त्याहून जास्त उतरला तर व्हॉल्व्ह बंद करत लूपचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकडा वेगळा तपासा. दोषी बहुधा चिरलेली, कोरडी किंवा खोबणीबाहेर आलेली ओ-रिंग असते. जी१/४ मापाच्या फिटिंगमध्ये पाणी ओ-रिंग अडवते, आटे नाहीत. त्यामुळे हाताने घट्ट करून वर अगदी थोडा पिळा पुरे. टेफ्लॉन टेप इथे कामाची नाही, उलट ओ-रिंग नीट बसू देत नाही. वंगण सिलिकॉनचंच वापरा, पेट्रोलियम ग्रीसने ईपीडीएम रबर फुगतं.

गाळ: बोटावर घेऊन बघा

ब्लॉक उघडल्यावर लगेच नळाखाली धरू नका. आतल्या तांब्याच्या पात्यांमधली फट एका मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास असते. गाळ तिथेच आणि तिच्यावरच्या जेट प्लेटच्या (पात्यांवर पाणी सोडणारी पट्टी) चिरेत बसतो. टूथपिकने थोडा काढा, बोटांमध्ये चोळा.

पांढरट-पिवळसर, मेणचट, पाण्याने न निघणारा आणि साबणाने सुटणारा असेल तर तो मऊ पीव्हीसी नळ्यांमधला प्लॅस्टिसायझर. नळीला लवचिक ठेवणारं हे द्रव्य गरम पाण्यात हळूहळू झिरपतं आणि अरुंद फटीत साठतं. अशा नळ्या आतून दुधी दिसायला लागतात. मोठ्या लूपमध्ये नळीची लांबीच २०-३० मीटर असते, त्यामुळे गाळही त्या प्रमाणात. ब्लॉक कितीदाही घासा, नळ्या बदलल्याशिवाय सुटका नाही. काळ्या ईपीडीएम नळ्या लावा. त्या दिसायला रांगड्या आहेत, पाणी दिसत नाही, पण प्रकाशही आत जात नाही.

बुळबुळीत, ताणला तर तार येणारा, कुबट वासाचा असेल तर शेवाळ किंवा जिवाणू. नुसतं डिस्टिल्ड पाणी काही महिने स्वच्छ राहील, पण बायोसाइडशिवाय (जंतुनाशक द्रव्य) भरवसा नाही. ‘थोडंसं’ प्रोपिलिन ग्लायकॉल टाकणं तर आणखी वाईट: २० टक्क्यांच्या खाली ते जिवाणूंना रोखत नाही, उलट त्यांचं खाद्य होऊ शकतं. टाकायचं तर २५ ते ३० टक्के, आणि पाणी दाट होऊन प्रवाह थोडा घटेल हे धरून. इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे, लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरात तो नको.

पांढरा, दाणेदार किंवा थलथलीत आणि साबणालाही दाद न देणारा गाळ निघाला तर सावध व्हा: लूपमध्ये ॲल्युमिनियम आहे. तांब्याचे ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजून झिजत जातं आणि शेवटी भोक पडतं. बऱ्याच जणांना इथे गाडीचा रेडिएटर नडतो. आकार मोठा, पंखे मोठे, पण हल्लीचे बहुतेक ॲल्युमिनियमचे असतात. प्लंबिंगच्या सामानातून आणलेली जस्ताचा मुलामा असलेली लोखंडी निपलंही तितकीच घातक. लोहचुंबक फिरवा, चिकटलं ते फिटिंग बाहेर. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, ते न दिसणाऱ्या जागी खरवडून ओळखावं लागतं: खाली पिवळसर पितळ किंवा तांबडं तांबं दिसलं तर ठीक. गंजरोधक द्रव्याने हे लांबवता येतं, थांबवता येत नाही. अशा रेडिएटरला वेगळी पाण्याची वाट देऊन मध्ये स्टेनलेस स्टीलचा प्लेट हीट एक्स्चेंजर बसवणं हाच धड मार्ग.

हिरवट-निळा थर म्हणजे तांब्याचा गंज, बहुधा नव्या रेडिएटरमधल्या डाकाच्या फ्लक्सचा (डाक देताना लावतात ते रसायन) प्रताप. तांबं नुसतं काळवंडलं असेल तर सोडून द्या, त्याने तापमानात फरक पडत नाही. चकचकीत पापुद्रे निघत असतील तर निकेलचा मुलामा सुटतोय.

साफसफाईचा क्रम

१. लूप रिकामी करा. रेडिएटर सुटा काढून नळाच्या गरम पाण्याने अर्धा भरा, तोंडं बंद करून मिनिटभर हलवा, पांढऱ्या भांड्यात ओता. कण दिसेनासे होईपर्यंत हेच. नव्या रेडिएटरला आठ-दहा फेऱ्या सहज लागतात. शेवटच्या दोन फेऱ्या डिस्टिल्ड पाण्याच्या, म्हणजे नळाच्या पाण्यातले क्षार मागे राहत नाहीत.

२. ब्लॉक उघडा. जेट प्लेट कोणत्या बाजूने बसली होती त्याचा फोटो काढून ठेवा, ती उलटी बसली तर तापमान वाढतं. पात्यांच्या दिशेनेच मऊ टूथब्रश, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. निकेलवर व्हिनेगर नको. ॲक्रिलिकला आयसोप्रोपिल अल्कोहोल अजिबात लावू नका, बारीक तडे जातात आणि ते आठवड्याने दिसतात.

३. रेडिएटरनंतर आणि मॅनिफोल्डच्या आधी स्टेनलेस जाळीचा फिल्टर बसवा, सुमारे १०० मायक्रॉनचा, दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह ठेवून. पंपाच्या ओढीच्या बाजूला फिल्टर नको. तो तुंबला की पंपाला पाणी अपुरं पडतं.

नळीची जाडी आणि वीज

लांब अंतरावर १० मिमी आतल्या व्यासाची नळी वापरली असेल तर प्रवाह पहिल्या दिवसापासूनच काठावर असतो, आणि जरासा गाळ त्याला खाली ढकलतो. मिनिटाला ४ लिटर वाहताना अशा २० मीटर नळीत सुमारे २.४ मीटर हेड (पाणी किती उंच चढेल या मापातला दाब) जातं. डी५ ची एकूण ऐपत ३.९ मीटर, तीही शून्य प्रवाहाला. १३ मिमीच्या नळीत तोच तोटा ०.७ मीटर. लांब वाटा १३ किंवा १६ मिमीने करा, संगणकाच्या आत मग बारीक नळी चालते.

दोन पंप लावायचे तर एकामागोमाग. एक बंद पडला तरी दुसरा त्याच्यातून पाणी ढकलत राहतो. समांतर लावले आणि चेक व्हॉल्व्ह नसले, तर बंद पंपातून पाणी उलटं फिरून येतं.

‘ठरावीक संगणक बंद केला की बाकीचे तापतात’ ही तक्रार असेल तर पंप त्याच संगणकाच्या पॉवर सप्लायवर आहे, आणखी शोधाशोध नको. पंपाला स्वतंत्र १२ व्होल्ट सप्लाय द्या. त्याची ग्राउंड तार संगणकाशी जोडायची, कारण वेगाचा सिग्नल त्याशिवाय वाचता येत नाही. दोन सप्लायच्या १२ व्होल्ट तारा मात्र एकमेकींना कधीही जोडू नका. प्रवाहाचा स्विच असा लावा की पाणी थांबलं तर सगळेच संगणक बंद होतील. पाणी ५० अंशांवर गेलं की अलार्म. डी५ साठी पाण्याची मर्यादा ६० अंश आहे आणि पीईटीजीच्या कडक नळ्याही त्याच सुमारास मऊ पडतात.

पुन्हा भरताना

पंप कोरडा एक सेकंदही फिरवू नका, त्याच्या बेअरिंगला पाणी हेच वंगण. टाकी भरा, पंप काही सेकंद चालवा, पातळी उतरली की बंद करा, पुन्हा भरा. समांतर फांद्यांमधली हवा एकेक व्हॉल्व्ह उघडून, बाकीचे बंद ठेवून काढा. सगळे एकदम उघडे असतील तर हवा एका फांदीत ठाण मांडून बसते. रेडिएटरचं वरचं टोक हलक्या हाताने डोलवा.

एक रात्र चालू द्या. दुसऱ्या दिवशी चिकटपट्टीची परीक्षा आणि फांद्यांचे आकडे पुन्हा घ्या. दोन आठवड्यांनी फिल्टर उघडून जाळी पांढऱ्या कागदावर झटका. पहिल्या वेळी थोडा कचरा निघणारच, तो जुना. चौथ्या आठवड्यात पुन्हा बघा. तेव्हाही तसाच पांढरट मेणचट थर आला, तर कुठला तरी पीव्हीसीचा तुकडा लूपमध्ये राहून गेलाय, बहुधा टाकी आणि पंपाच्या मधला.